केरवालीवरचा आळ

ऑफिसात तिला सगळे केरवाली म्हणत. फोटोंचे अल्बम जुळवणारा प्रोग्राम तिथे बनायचा आणि त्यातला गार्बेज कलेक्टर तिच्या ताब्यात होता. बाकीच्यांनी वापरून टाकलेली मेमरी तो झाडून गोळा करायचा आणि पुन्हा कामाला लावायचा.

एका सोमवारपासून प्रोग्राम मध्येच कोसळायला लागला, आणि तोही नेमका कलेक्टर फिरत असताना. झालं! सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली. त्यात सर्वांत लांब बोट तिच्या नवऱ्याचं. तो दोन टेबलं सोडून बसायचा आणि फोटो लहानमोठे करणारा भाग लिहायचा.

"हिच्या झाडूपायी माझे फोटो उडतायत," तो भर मीटिंगमध्ये म्हणाला.

"झाडणारा घसरून पडला, म्हणून काय घाण त्यानंच केली?" तिने विचारलं. कोणी दाद दिली नाही.

मग तिने कलेक्टरमधल्या एरवी बंद असणाऱ्या तपासण्या चालू केल्या. आता मेमरीच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एक ठरलेला आकडा पहारेकरी म्हणून बसला. तुकडा कोणी मागितला याची नोंद राहू लागली. केर काढण्याआधी आणि नंतर सगळ्या पहारेकऱ्यांची हजेरी! प्रोग्राम इतका मंदावला की एक फोटो उघडेपर्यंत साहेब चहा पिऊन आले.

"हे चालतंय की झोपलंय?"

"चालतंय साहेब, फक्त बघून बघून चालतंय."

तेवढ्यात प्रोग्राम थांबला. कलेक्टर अजून जागचा हललाही नव्हता आणि एका तुकड्याच्या शेवटच्या टोकाचा पहारेकरी गायब, त्याच्या जागी भलताच आकडा! तुकडा मागणारा होता तिचा नवरा. तिने त्या जागेवर पाळत ठेवून तोच फोटो पुन्हा उघडला. फोटोची रुंदी विषम असली की नवऱ्याचा कोड तुकड्याच्या हद्दीबाहेर फोटोचा एक ठिपका जास्त लिहीत होता, आणि झाडायला आलेला कलेक्टर त्यावरच घसरत होता.

नवऱ्याने स्क्रीन दोनदा वाचला. "एकच तर ठिपका आहे गं."

"मग मीटिंगमध्ये तेवढंच सांग."

बिचाऱ्याने सांगितलं, कान लाल करून.

घरी त्याचं उतरलेलं तोंड बघून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं याला?"

"त्यानं आपल्या जागेबाहेर सांडलं होतं. मी पकडलं."

"अगं, हा लहानपणी ताटात कमी आणि बाहेर जास्त जेवायचा! मला विचारायचंस, मी आधीच सांगितलं असतं."

तिने ओठ दाबून हसू आवरलं. पहिला हसला तो नवराच, आणि हसता हसता त्याच्या हातातलं पाणी टेबलावर सांडलं.