तेराव्या फ्रेटवर थांबलेला हात

माझे गिटारचे मडावी सर आज सकाळी गेले.

त्यांची जागा मी त्यांच्या जिवंतपणीच घेतली होती.

ही पोस्ट त्याबद्दल आहे. छान छान आठवणी बाकीचे लिहितीलच.

सर वीज खात्यात लाइनमन होते. रिटायर झाल्यावर नालवाडीत घराच्या पुढच्या खोलीत क्लास, आणि सीझनमध्ये राजूभाऊंच्या ऑर्केस्ट्रात लीड गिटार.
मी सिंदी मेघेहून स्कूटीवर शिकायला जायचे. त्याच ऑर्केस्ट्रात मागे उभी राहून कॉर्ड्स वाजवायचे.

माझा प्रॉब्लेम एकच होता.

स्केलचे पाचही पॅटर्न, म्हणजे तेच सूर गिटारच्या दांडीवर पाच ठिकाणी, मला पाठ होते. पाचव्या फ्रेटचा, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या पट्टीचा पहिला, बाराव्याजवळचा चौथा, कुठलाही सांगा, धडाधड वाजवून दाखवायचे. पण एकातून दुसऱ्यात जाता यायचं नाही.

लहानपणी मी भजन मंडळात पेटी वाजवलेली. तिथली सवय अशी, की नवीन काही घ्यायचं तर आधी सा वर यायचं. गिटारवरही तेच. पॅटर्न बदलायचा म्हटलं की हात मुकाट सा वर, मग तिथून उडी.

सर वैतागायचे.

"खांब पाच उभे केले वं तू. तार कुठं हाय? लाइट कशी येईन?"

मग एकाच तारेवर वर-खाली, वर-खाली वाजवायला लावायचे. मध्येच ओरडायचे, "बदल!" ज्या सुरावर बोट असेल तिथूनच पुढच्या पॅटर्नमध्ये शिरायचं. सा कडे पळायचं नाही.

मी पळायचेच.

"काऊन गेली तिथं? कोणी बोलावलं होतं तुले?"

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, सर डाव्या हाताची दोनच बोटं वापरतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नुसतं सोबत फिरायचं.

मी विचारलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"मुंग्या येऊन राह्यल्या. कोणाले सांगू नको. एवढी नवरात्र होऊन जाऊ दे."

"डॉक्टरला दाखवलं का सर?"

"दाखवीन. पण राजूले समजलं तं तो उद्याच दुसरा माणूस आणीन. मंग मी घरी बसून का करू?"

मी शब्द दिला.

नवरात्रात हायवेवरच्या जाम गावाच्या चौकात देवीसमोर प्रोग्राम होता. संध्याकाळ. हायवेवर ट्रक लावून ड्रायव्हर लोकही उभे होते.

शेवटच्या अंतऱ्याआधी सरांचा चार ओळींचा सोलो. दोन ओळी मस्त गेल्या.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी, तेराव्या फ्रेटवर, त्यांचा हात थांबला.

उजवा हात चालूच होता. पण तारेतून सूर नाही, नुसता टक टक आवाज.

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

ढोलकी चालू. टाळ्या चालू. माझा हात पाचव्या फ्रेटवर. सा वर जाऊन यायला वेळच नव्हता.

मी दुसऱ्या तारेवर सरळ तेरावर गेले.
तेरा. दहा. आठ. पाच.
दहावर सा होता. मी त्याच्यावरून निघून गेले, थांबले नाही. चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात, तिथून पहिल्यात. आयुष्यात पहिल्यांदा.

चौथी ओळ पूर्ण झाली आणि गायिकेने अंतरा उचलला.

पब्लिकला काही कळलं नाही.
राजूभाऊंना कळलं.

स्टेजमागे ते सरांसमोर येऊन उभे राहिले. "सर, हात दाखवा बरं."

सरांनी हात खिशात घातला. "केबल लूज होती."

राजूभाऊ माझ्याकडे वळले. "तुले मालूम होतं का वं?"

सर माझ्याकडे बघत होते.

केबल लूज होती, एवढंच मीही म्हणायला हवं होतं.

मी म्हणाले, "हो. महिन्यापासून."

नंतर मी सगळ्यांना सांगत फिरले की मी घाबरले होते, सरांच्या तब्येतीची काळजी वाटली म्हणून बोलून गेले.

खोटं.

मी नुकतीच तेरावरून पाचवर उतरून आले होते, अंगात वारं भरलं होतं, आणि मला ती जागा हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून लीडला मी.

रविवारी क्लासला गेले. वाटलं, दारातूनच हाकलतील. सरांनी गिटार माझ्या हातात दिली.

"आठवरून पाचवर येताना घाई केली तू. परत वाजव."

बस, एवढंच. पुढची दोन वर्षं तोंडाने सांगून सांगून शिकवलं, पण त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर काढलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

मागच्या आठवड्यात सरांना बघायला दवाखान्यात गेले. काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी हिंमत केली.

"सर, त्या दिवशी मी घाबरून नव्हतं सांगितलं."

"माहीत हाय मले."

"मला तुमची जागा पाहिजे होती."

त्यांनी नजर छताकडे वळवली. मला वाटलं, आता जा म्हणतील.

"पाह्यजेच होती. पाह्यजे नसती, तं त्या दिवशी स्टेजवर तू बी माह्यासंग थांबून गेली असती."

मला एकदम हलकं वाटलं. माफ केलं यांनी, असं वाटलं.

मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले,

"पण तू सांगून टाकलं, ते लागलं पोरी. अजून लागते."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. काकू आल्या, मी डोळे पुसले आणि माफी न मागताच घरी आले. पुन्हा जाईन तेव्हा मागू म्हटलं.

माती आज दुपारी चार वाजता, अंत्ययात्रा नालवाडीच्या घरून निघेल. ऑर्केस्ट्राच्या सगळ्यांनी यावं.

सर, खोटं सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते.

माझं चुकलं.

तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.