चीक थांबत नाही

अंगाची लाही करणारं ऊन, दुपारनंतर गडगडाट, सोसाट्याचा वारा आणि काही भागांत मुसळधार पाऊस. सकाळी मोबाइलवर हा अंदाज वाचला, वाळत घातलेले कपडे आठवले आणि गच्चीवर गेले. तिथं शेजारच्या सुलभाकाकू प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालत बसल्या होत्या.

"काकू, आज पाऊस सांगितलाय."

"ऐकलंय मी. पण गहू तीन दिवसांपूर्वी भिजत घातलेत. चीक थांबतो का कुणासाठी?" सोऱ्या दाबत त्या म्हणाल्या.

खरंच होतं. गहू भिजवले तेव्हा आभाळ निरभ्र होतं. आपली बरीच कामं अशीच असतात. आभाळ स्वच्छ बघून आपण ती सुरू करतो, आणि इशारा येतो तेव्हा मागं फिरायची सोय उरलेली नसते.

दुपारी राहवेना म्हणून पुन्हा वर गेले. फरशीचे चटके बसत होते. ज्या उन्हात कुरडया वाळत होत्या, तेच ऊन पश्चिमेला ढग उभे करत होतं. काकूंनी एक कुरडई उचलून बघितली, पण ती कागद सोडेना.

"अजून घटकाभर हवंय हे ऊन," त्या पुटपुटल्या. कुठं गडगडतंय का, ते मी कान देऊन ऐकत होते.

मग वारा फिरला. सगळा उन्हाळा ज्या गार झुळकेसाठी तरसलो होतो, ती मानेला लागली. आणि आम्ही दोघी कागदाची टोकं घट्ट दाबून, तिनं आल्या वाटेनं परत जावं म्हणून, श्वास रोखून बसलो.