नवख्यांना तीन मंत्र माफ

पंचवटीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत सर दर रविवारी दुपारी आम्हाला जादूगारांचा खेळ खेळवतात; प्रत्येकाने कागदावर आपला एक जादूगार मांडायचा. फासे स्टीलच्या वाटीतच टाकायचे, हा त्यांचा हट्ट. नियमही त्यांचेच. नवख्याला पहिले तीन मंत्र माफ. आम्हा जुन्यांना मात्र प्रत्येक मंत्रामागे आपल्या जादूगाराच्या आयुष्यातलं एक वर्ष खोडावं लागतं. कुरकुर केली की म्हणतात, "नवा माणूस टिकला पाहिजे ना!"

परवा मी शेजारच्या वहिनींना सोबत नेलं. मिस्टर गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी पहिलाच मंत्र मागितला तो मेलेल्याला उठवायचा.

त्यांच्या पुढ्यातली वाटी सरांनी हळूच बाजूला घेतली. "तो मंत्र खेळात नाही, ताई."

"जुन्यांनासुद्धा नाही?"

"जुन्यांनी मागणं सोडलंय."