नानांची पळी आणि मागचं चाक

माझा स्वभाव संशयी नाही. लोकच संशय येईल असं वागतात, त्याला मी काय करू?

तेव्हा अख्ख्या पनवेलमध्ये मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यातली सर्वांत म्हातारी माझी होती. मागचा टायर बदलायचा होता. बाजारातला दुकानदार मला बघून हसला. टायरवाला उगाच हसेल का? नवी ट्यूब दाखवून जुनी घालायचा बेत असणार! मी टायर-ट्यूब खांद्यावर टाकून सरळ घरी आलो.

"अहो, तुम्हाला येतं का हे?" सुमतीनं विचारलं. (सख्ख्या बायकोचा हा विश्वास!)

चाक काढून घरापुढच्या ओट्यावर आडवं टाकलं. स्वयंपाकघरातून उलथनं आणि झारा आणला आणि त्यांच्या दांड्यांनी टायर रिंगेत ढकलायला लागलो. इकडून बसवला की तिकडून बाहेर! तिसरा दांडा हवा होता, म्हणून देवघरातली नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तांब्याची पळी आणून खोचली. टायर बसला. पळी मी लगेच जागेवर ठेवली. (असं मी कोर्टातसुद्धा शपथेवर सांगितलं असतं.)

मग चाकाचा तोल. दोन स्टुलांवर आस टेकवून चाक फिरवलं. थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तीच बाजू खाली! नवाकोरा टायर एका अंगाला जड? दुकानदार का हसला ते आता कळलं.

तेवढ्यात हिराबाई कोळीण मासळीची पाटी घेऊन आली. पाटीत नवऱ्याच्या जाळ्यासाठी घेतलेल्या शिशाच्या गोळ्या होत्या.

"हिराबाई, दोन गोळ्या दे. हलक्या बाजूला बांधतो."

"आनी माजा मालक जाल्याला काय बांदंल? तुमची फटफटी?"

तरी दिल्या बिचारीनं. दोन बांधल्या, चार बांधल्या, नऊ बांधल्या. चाक हटायला तयार नाही!

"भाऊ, जालं जड लागलं का आमी आदी आत बघताव. चाकात कायतरी रायलंय."

"मला शिकवू नकोस!"

ती पाटी उचलून निघून गेली, आणि आतून नाना ओरडले, "अरे, माझी पळी कुठाय?"

पळी नाही तर आचमन नाही, आचमन नाही तर पूजा नाही आणि पूजेशिवाय नानांच्या पोटात अन्नाचा कण जात नसे. वय सत्तरीच्या पुढे. बारा वाजले तरी ते देवासमोर डोळे मिटून बसलेले. सुमती रडकुंडीला आली. माझं डोकं मात्र भराभर चालायला लागलं. ओट्यावर कोण बसलं होतं? हिराबाई! घाईनं कोण गेलं? हिराबाई! आणि 'चाकात बघा' म्हणून माझं लक्ष भलतीकडे कोण वळवत होतं?

"अहो, पंधरा वर्षं ती आपल्याकडे येतेय!"

"पंधरा वर्षं विश्वास संपादन करत होती!"

चाक गाडीला चढवलं आणि तडक कोळीवाड्याकडे निघालो. मागून धप् धप् असा आवाज, वर नऊ गोळ्यांचा खुळखुळाट. बरोबर हिराबाईच्या दारात फट्! ट्यूब फुटली.

सगळी आळी बाहेर आली. मी गाडीवरूनच गरजलो, "माझ्या वडिलांची पळी दे!"

हिराबाईच्या हातातला कोयता थांबला. "मी? तुमच्या देवाची पली?" एवढंच म्हणाली ती.

तिचा नवरा पुढे आला. त्यानं चाक काढलं, टायर उलगडला आणि आत हात घातला. बाहेर आली ती नानांची पळी, कोलंबीसारखी वाकलेली!

आळी पोट धरून हसली. हिराबाई तेवढी हसली नाही. तिनं पळी धुतली, स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "म्हातारा उपाशी असंल. आदी घरी जावा. चाक आमी बघताव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांना वाकड्या पळीनं आचमन करून जेवायला तीन वाजले. जेवण होईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. नंतरही नाहीत.

दुसऱ्या दिवशी हिराबाई आली. तिच्या नवऱ्यानं चाक नीट करून गाडी आणून दिली होती, पण चाकावरून सोडलेल्या गोळ्या गाडीच्या पेटीतून आमच्याकडेच आल्या होत्या. ओट्यावर बसून ती एकेक मोजायला लागली.

"मोजून घेतंय भाऊ. तुमचा भरवसा नाय."

"मोज की!" मी मान खाली घालून म्हणालो.

आणि तिच्याबरोबर मनातल्या मनात मीही मोजत होतो. (न जाणो, दहा नेल्या तर?)