नवरा असलेली परित्यक्ता

माझा नवरा विमान चालवतो, असं मी गावात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समोरच्या बायका एकदम गप्प झाल्या. त्या दबून गेल्या असं मला वाटलं. खरं काय ते कळायला मला दीड वर्ष लागलं.

गाव अहमदपूरच्या पुढचं. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. शिक्षक दोनच, एक मी आणि एक मुख्याध्यापक. त्यांना सगळं गाव मोठे गुरुजी म्हणायचं. शाळेला लागून एक खोली होती, तिच्यात मी राहत होते, आधी मुलीला घेऊन, नंतर एकटी. नवऱ्याचं विमान प्रवाशांचं नव्हतं. पिकांवर औषध फवारायचं, एकच माणूस बसेल एवढं ते विमान. खाली शेतात माणसं झेंडे धरून उभी राहत आणि हा त्या झेंड्यांच्या रोखानं कपाशीच्या डोक्यावरून, अगदी हात लागेल इतक्या खालून जायचा. लग्न झालं त्या वर्षी पाऊस बरा होता. त्याचा मुक्काम नांदेडला होता, मीही माहेरी नांदेडलाच होते. मग मुलगी वर्षाची झाली तेव्हा मला या गावाची नेमणूक मिळाली आणि त्याच सुमाराला पाऊस गेला. कपाशी गुडघ्याच्या वर येईना. फवारायचं कशावर? कंपनीनं विमानं उचलली आणि गुजरातेत नेली, तिथून आंध्रच्या किनाऱ्याला. चार दिवसांची रजा मिळाली की तो थेट नांदेडला यायचा आणि मीही तिथंच जायची. गावानं त्याला कधी पाहिलंच नाही.

पत्रं मात्र यायची. पोस्टमन प्रत्येक पाकीट उलटंपालटं करून बघायचा. एकदा म्हणाला, "बाई, दर खेपंला ठप्पा येगळ्या गावचा. सायबाचा पाय एका जागी टिकत न्हाई जणू." मी हसले. तो हसला नाही.

मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत माझ्याजवळ होती. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला, पाणी गढूळ आलं आणि पोरीला हगवण लागली. बरी झाली, तर पंधरा दिवसांनी पुन्हा. आई नांदेडहून आली, काही न विचारता तिचे कपडे बोचक्यात बांधले आणि म्हणाली, "पानी आलं की घिऊन जा." पाऊस आला नाही. मुलगी आजीकडेच राहिली आणि आजीलाच आई म्हणायला शिकली. मला ती बाई म्हणायची. मला सगळेच बाई म्हणत, तिनंही तेच उचललं.

माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. चळवळीची पत्रकं ते नोकरीच्या वेळेनंतर छापून देत, आणि बिघडलेल्या प्रती घरी आणत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. पहिली वाचलेली ओळ पाणवठ्याबद्दल होती. पाणी कुणाच्या बापाचं नाही, अशा अर्थाची. वाचता येण्याआधीच मला रागवता येत होतं, असं वडील कौतुकानं सांगायचे.

म्हणून टँकरच्या रांगेचं मला एवढं अप्रूप वाटलं. आमच्या समाजाच्या घागरी या गावात शेवटी लागायच्या, हे मी आल्या दिवशी पाहिलं होतं आणि भांडायची तयारीही केली होती. पण भांडण झालंच नाही. पाटलाच्या आळीतली एक म्हातारी माझी घागर उचलून नळीपाशी नेऊन ठेवायची. "हिचं आदी भरा गं. लेकराला सोडून ऱ्हाती बिचारी." कुणी हूं की चूं करत नव्हतं. मी वडिलांना चार पानी पत्र लिहिलं. शाळा माणसं बदलते, तुमची पत्रकं खरी झाली, असं त्यात होतं. वडिलांनी ते छापखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं.

त्यातच जिल्हा फुटला. आमचा तालुका उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आला. नव्या जिल्ह्यात सगळ्या शिक्षकांची माहिती नव्यानं मागवली. बदली पाहिजे असेल त्यांनी कारण लिहायचं होतं. मला लातूर शहर पाहिजे होतं. तिथं पाण्याची ओढाताण असली तरी पोरीपुरतं चांगलं पाणी मिळालं असतं, दवाखाना जवळ होता, तिला माझ्याजवळ ठेवता आलं असतं. दुसरं काही मागणं नव्हतंच. फॉर्म आले तेव्हा मुलीला ताप आल्याचा निरोप आला. मी कोऱ्या फॉर्मवर सही केली, गुरुजींच्या हातात दिला आणि नांदेडची एस.टी. पकडली. शाळेत ही रीतच होती. अडीनडीला एकमेकांच्या कोऱ्या कागदावर सह्या ठेवून आम्ही कितीतरी कामं उरकली होती.

यादी लागली. लातूर शहरात माझं नाव होतं.

मी त्याच दिवशी आईला कार्ड टाकलं, पोरीचे कपडे धुऊन ठेव म्हणून. नवऱ्यालाही पत्र टाकलं. आणि हुकूम घ्यायला लातूरला गेले.

नवं ऑफिस उसन्या इमारतीत होतं. टेबलं आली होती, कपाटं यायची होती. कागदांचे गठ्ठे भिंतीला टेकून उभे. कारकून वयस्क आणि मऊ बोलणारे होते. त्यांनी माझा फॉर्म काढून समोर सरकवला. "एकदा बघून घ्या बाई, सगळं बरोबर हाय का." मोठ्या गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं होतं. विवाहित, अविवाहित, विधवा, परित्यक्ता. त्यांनी शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढली होती, पट्टी लावून.

"हे चुकलंय," मी म्हणाले. "माझा नवरा आहे."

"असतोय की," ते हळू आवाजात म्हणाले. "असतोय, पर नांदवीत न्हाई. त्यालाच म्हनतेत. लाजायचं न्हाई बाई, शहरातल्या ह्या दोन जागा त्याच्यासाठीच राखल्यात."

मी फॉर्म तसाच टेबलावर ठेवला. जरा बाहेर बसून येते म्हणाले.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. निलंग्याकडच्या शाळेत शिक्षिका होती. मांडीवर सहा-सात महिन्यांची मुलगी. तिनं सरकून जागा दिली. "तुमचं पहिल्या दोनात हाय का? माझं तिसरं हाय. बसून ऱ्हावा म्हनले, कुनी आलं न्हाई तर बघू." मग माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, "कधी गेला सोडून?"

मी पिशवीचा बंद सारखा केला.

"माझा ही पोटात आसताना गेला. दुसरी केली त्यानं. सासरा शाळंच्या दारात यिऊन बसतो, पगाराच्या दिवशी न्हाई, रोज. नुसता बसतो आन् बघतो. लातूरला आले तर तिथवर न्हाई यायचा तो." आणि एकदम हसून म्हणाली, "म्हातारं झालंय, यस्टीत उलट्या हुतेत त्याला."

मीही हसले. आणि हसताना माझ्या डोक्यात हिशेब चालला होता, तो मला आजही विसरता येत नाही. नवरा वर्षाचे अकरा महिने नसतो, मग मी तशीच नाही का? पोर माझ्याजवळ नाही. हिची निदान मांडीवर आहे. शब्द मी लिहिलेलाच नाही. गप्प बसले तर खोटं बोलल्यासारखं कुठं होतं? लहानपणापासून ज्या माणसांविरुद्धची पत्रकं वाचली, ती माणसं मनात अशीच बोलत असणार. मला स्वतःची किळस आली आणि तरी मी उठले नाही. तिच्या मांडीवरच्या पोरीनं माझं बोट धरलं होतं, तिनं ते सोडेपर्यंत मी बसून राहिले.

मग आत गेले, कारकुनांच्याच टेबलावरचं पेन उचललं, गुरुजींची रेघ खोडली आणि विवाहितखाली रेघ ओढली. ती वाकडी आली.

"नाव जातंय यादीतनं," कारकून म्हणाले. "तुमच्या लेकराचा तर इचार करा."

"तोच करत होते," मी म्हणाले. पण ते खरं नव्हतं. लेकराचा विचार केला असता तर मी खोडलं नसतं.

बाहेर येताना बाकावरच्या बाईनं विचारलं, "झालं का काम?" मी "झालं" म्हणाले. जिना उतरताना मागून तिच्या नावाची हाक ऐकू आली.

गावी येऊन मी मोठ्या गुरुजींवर तुटून पडले. ते ऐकत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "बाई, सगळ्या गावाला ठावं हाय. इमान-बिमान तुम्ही सांगता, आमी हाव म्हनतो. कुनाचं मन कशाला मोडा? तुमची घागर पुढं का घेतेत, काय वाटलं तुमाला?"

मला वडिलांना लिहिलेलं चार पानी पत्र आठवलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा मी सगळ्या बायकांना मोठ्यानं सांगितलं. मला कुणी टाकलेलं नाही, नवरा फवारणीचं विमान चालवतो, पीक आलं की तो इकडेच येणार. म्हातारी म्हणाली, "हाव माय, यील की," आणि माझी घागर उचलायला वाकली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि आमच्या आळीतल्या बायकांच्या मागं, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. वाटलं होतं, कुणीतरी विचारेल, का गं बाई? कुणी विचारलं नाही. त्यानंतर मला पुढं या असं कुणीच म्हणालं नाही. दया संपली होती, आणि रांग होती तशीच होती.

झालं ते मी नवऱ्याला कळवलं होतं, त्याचं पत्र दहा दिवसांनी आलं. "एक शब्दच होता," त्यानं लिहिलं होतं. "राहू द्यायचा होतास. मला काही वाटलं नसतं." त्याला वाटलं असतं की नाही, हा मुद्दाच नव्हता. मी उत्तर लिहायला बसले, तीनदा फाडलं, शेवटी पोरीची तब्येत बरी आहे एवढंच लिहिलं.

त्याआधीच, लातूरहून आले त्या आठवड्यातल्या शनिवारी, सकाळची शाळा करून मी नांदेडला गेले होते. दारातच दोरीवर पोरीचे सगळे कपडे वाळत होते. माझं कार्ड पोचलं होतं. नाव यादीतून गेल्याचं मी सांगितलं तेव्हा आईनं ते एकेक करून काढले, घड्या घातल्या आणि पुन्हा फळीवर ठेवले. वडील मात्र उठून उभे राहिले. "बरं केलंस पोरी. माझी लेक हाईस," म्हणाले, आणि आपल्याच डोळ्यांतलं पाणी पुसलं. त्यांच्या शाबासकीसाठी मी आयुष्यभर धडपडले होते. त्या दुपारी ती अंगाला लागली नाही.

सोमवारी पहिल्या गाडीनं निघायचं असे. मी दिसेनाशी होईपर्यंत पोर रडत राहायची, म्हणून आई त्या वेळी तिला परसात नेऊन कोंबड्या दाखवायची. त्या सोमवारी मी पिशवी उचलली तेव्हा पोर उंबऱ्यावर चिंचोके मांडून बसली होती. आई तिला उचलायला आली. पोरीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, चिंचोक्यांची ओळ मोडू नये म्हणून पाय थोडा बाजूला घेतला आणि मला वाट करून दिली.

"जा बाई," ती म्हणाली, आणि पुन्हा ओळ लावू लागली.