सुगंधाताईंची एकमेव चूक

सुगंधाताईंच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही. हे मी म्हणत नाही, त्या स्वतः म्हणत, आणि समोरच्याने मान डोलावेपर्यंत म्हणत. बोंबलाचं कालवण खारट झालं, तर "यंदा मीठच जास्त खारं निघालंय, वैनी." लिफ्टमध्ये भलतंच बटण दाबून गच्चीवर पोचल्या, तर तिथल्या कुंड्यांना पाणी घालून खाली यायच्या आणि म्हणायच्या, "त्यासाठीच तर गेलेली." पनवेलच्या आमच्या सोसायटीत त्या समोरच्या दारात राहायच्या. त्यामुळे हा नाट्यप्रयोग मला रोज, पुढच्या रांगेत बसून, फुकट बघायला मिळायचा.

त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं होतं. घर, शेत, विहीर, सगळं. तेव्हा धावपट्टीचं काम सुरू होतं, विमानं यायला अवकाश होता. पण ताईंना घाई होती. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं की घरच्या संगणकावर विमान उडवता येतं आणि खऱ्या जगात जिथे हवं तिथे, अगदी आपल्या शेतावरही, उतरवता येतं. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या दारात उभं राहून घोषणा केली, "आमच्या जमिनीवर पहिलं इमान मी उतरवनार. मोठी मान्सं मागून येऊ देत."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही गंमत नाही. चुलीच्या जागी परत एकदा जायची ही एकच वाट बाईंना दिसत होती.

त्या खेळाला दणकट संगणक लागतो. दुकानदार जोडून द्यायला तयार होता, पण ताई म्हणाल्या, "दुसऱ्यानं बांधलेल्या घरात राहतोय तेवढं पुरे. हे मी माझ्या हातानं बांधनार." मग महिनाभर व्हिडिओ बघणं आणि हॉलभर खोकी. नवरा, म्हणजे नाना, बाल्कनीत वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि आतल्या दिशेने बाण सोडायचे. "काय गो, कुकर लावतेस का इमान?" "शेवटी एक स्क्रू उरेल बघ. तो तुझ्या डोक्यातला समज." ताई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. पण मला हळूच सांगायच्या, "चालू नाय झालं ना वैनी, तर हा मानूस मला मरेपर्यंत ऐकवील."

सगळं बसलं. फक्त रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी उरली. ती सकाळी माझ्यासमोर बसवायची, असं ठरलं. उद्घाटनाला पाहुणा हवाच. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. ताईंनी चष्मा न लावता पट्टी खाचेत दाबली. "घट्ट हाय. नवीन हाय ना." मग बटण दाबलं.

पंखे गरगरले. आतले दिवे निळे, जांभळे, हिरवे झाले, गणपतीच्या मखरासारखे. आणि पडदा काळाकुट्ट. कोपऱ्यात एवढंच, "नो सिग्नल."

"झालं का उड्डान?" बाल्कनीतून आवाज.

"पडदा झोपलाय अजून," ताई म्हणाल्या.

पडद्याची केबल काढून पुन्हा लावली. दुसऱ्या भोकात लावली. माझ्या घरून दुसरी केबल आणली. ग्राफिक्स कार्ड काढलं, फुंकलं, बसवलं. दर वेळी तोच मखर आणि तोच काळोख. नाना तेवढ्यात चहाचं विचारायला आले, पाण्याचं विचारायला आले, काहीच न विचारायलाही आले. येताना टोमणा, जाताना मात्र चेहरा पडलेला. मला तेव्हा वाटलं, बिस्किटं संपली असतील.

शेवटी ताईंनी चष्मा लावला. "आता सगळं काढायचं. मोजकंच ठेवायचं. मग एकेक." रॅमची पट्टी उपसली आणि त्या खाचेत वाकून बघतच राहिल्या. मग चिमट्याने काहीतरी उचललं आणि माझ्यासमोर बोट धरलं.

बोटावर तांदळाचा एक दाणा होता. कुंकू लागलेला.

त्या घरातलं देवघर नानांकडे असायचं. पहाटे बायको उठायच्या आधी माणसाने तिच्या यंत्राची गुपचूप पूजा केली होती, आणि वाहिलेल्या अक्षतांतला एक दाणा नेमका त्या खाचेत जाऊन बसला होता. दिवसभर टिंगल करणारा आणि पहाटे हात जोडणारा, एकच नवरा!

मी तोंड उघडणार, तोच ताईंनी मूठ मिटली. "गप, वैनी. कोनाला बोलायचं नाय." खाच जुन्या ब्रशने साफ केली, पट्टीची टोकं खोडरबराने हलकेच पुसली, ती दाबली. या वेळी दोन्ही बाजूंनी टक्क वाजलं.

पडदा उजळला.

"काय बिघडलेलं?" नाना मागे येऊन उभे.

आणि ताई, आमच्या सुगंधाताई, खाली बघून म्हणाल्या, "माझीच चूक. मेमरी नीट बसवली नव्हती."

मी खुर्चीचा हात धरला.

संध्याकाळी विमान उडालं. पडद्यावर खाली तपकिरी, सपाट केलेली माती, तिच्यात ओळखीचं काहीच नाही. नाना खुर्चीमागे वाकले. "अगो थांब, थांब! तो आपला बांध!"

"इमान थांबत नाय. रिक्षा हाय काय ती?"

"मंग परत फिरव."

ताईंनी फिरवलं. पुन्हा फिरवलं. "हितं विहीर," नाना बोट ठेवत होते. "हितं गोठा. हितं चूल, तुझा हात भाजलेला ती." तिथे काही नव्हतं, दोघांना सगळं दिसत होतं. मग ताईंनी विमान खाली घेतलं. ते उतरलं, धावलं आणि नाक मातीत खुपसून उलटं झालं.

"जमीनच वाकडी हाय," ताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

पुढे कितीतरी दिवस नाना सोसायटीभर सांगत होते, "हिनं मेमरीच बसवली नव्हती बराबर!" वॉचमनला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, व्याह्यांना फोन करून सांगितलं. ताई ऐकून घ्यायच्या. मला इतका राग यायचा, पण शब्द दिला होता.

गेल्या वर्षी ताई गेल्या. दिवसकार्य झाल्यावर मी डबा घेऊन गेले, तर नाना संगणकाची काच पुसत बसले होते. मला राहवलं नाही. "नाना, त्या दिवशी ताईंची चूक नव्हती हो."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तांदूळ माझाच. ती तुमाला दाखवत होती तवा मी दारातच उभा होतो."

"मग? तरी गावभर त्यांचीच चूक सांगत फिरलात?"

नाना काच पुसायचे थांबले.

"वैनी, साऱ्या जन्मात तिनं एक चूक कबूल केली. ती बी माझ्यासाठी. मी ती मिरवू नको?"