सावडीबाहेरचा नांगर

आष्ट्याच्या शालूबाईचं रान हराळीनं व्यापलं, तेव्हा तिचा नवरा आफ्रिकेच्या लढाईत कामी येऊन दुसरं वर्ष चालू होतं. असं रान मोडायचं तर चार बैलजोड्यांचा थोरला लाकडी नांगर लागे, आणि एका घरी चार जोड्या असणार कुठल्या? म्हणून भावकीनं सावडीनं एकमेकांना बैल द्यायचे, हा जुना रिवाज. चुलतदीर लालासाहेबानं नेमकी तीच नस दाबली आणि तिला सावडीतून काढलं. पडीक रान बाईनं मुकाट्यानं आपल्याला वाट्यानं लावावं, एवढाच त्याचा डाव. मर्द गड्यांची मर्दुमकी ती एवढी.

शालूबाईनं शिराळ्याला भावाला, जोतीरामला, निरोप धाडला. लढाईपायी नवं लोखंड दिसत नव्हतं. पण त्याच्या गोठ्यामागं बापानं हौसेनं आणलेला लोखंडी नांगर गंज खात पडला होता. लोखंडानं जमीन नासते, असं कुणीतरी भरवल्यामुळं म्हाताऱ्यानं तो टाकून दिलेला. त्याला दोनच जोड्या पुरत. जोतीराम नांगर आणि आपली जोडी घेऊन आला; दुसरी जोडी शालूबाईच्या गोठ्यात होतीच.

बाईनं नांगराला हात लावायचा नाही, असं सारं गाव मानत होतं. शालूबाईनं पदर खोचला आणि मूठ धरली. जोतीरामानं बैल हाकले. लाकडी नांगरावर गडी अंगाचा भार टाकतात, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. तिनंही सारा भार टाकला. नांगर भुईत रुतला, दोर तुटला आणि बाई तोंडघशी पडली. बांधावरची भावकी पोट धरून हसली. आता लोखंडानं रान नासणार, असं लालासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

शालूबाई तोंडातली माती थुंकून उठली.

"खुरपं लोखंडाचं, कुदळ लोखंडाची. तवा न्हाई नासलं रान?"

जोतीरामानं दोर सांधला. लोखंड आपल्या भारानंच रुततं, हे ओळखून या खेपेला तिनं मूठ नुसती सावरून धरली. लाकडी नांगर भुईला चीर पाडतो. हा माती पालथी घालत निघाला. हराळीच्या भुईत पसरलेल्या काशा मुळासकट उन्हात पडल्या. हसणारे एकेक करून घरी गेले. नांगर जोतीरामानं बहिणीकडंच ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून भावकीतच जुंपली आणि सावड मोडली. लालासाहेबाचं रान हराळीनं भरलेलं. एका सकाळी तो दारात आला आणि खाली बघून वैनीकडं नांगर मागू लागला.

"न्या की भावजी. पर सावडीनं. माज्या रानात तुमचं बैल, तुमच्या रानात माजा नांगर. आन् मूठ मीच धरनार."

दुसऱ्या दिवशी आष्ट्यानं पाहिलं. लालासाहेब पुढं बैल हाकत होता, आणि त्याच्याच रानात मागं मूठ शालूबाईच्या हातात होती.